हीव, काकडणं, कापरं, थरथर : तुमच्या घरी कोणत्या थंडीला काय म्हणतात?

अजनीकर

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले असतील. नागपूरचं ऑक्टोबरचं ऊन, पंखा चार नंबरवर. आई (वय ८१) पलंगावरून म्हणाली, "मले हिव भरून राह्यलं वं, वाकय टाक अंगावर." मी ऑफिसात होते. घरी तिच्याजवळ रायपूरकडची एक मुलगी असते. फार मायाळू पोरगी, मराठी शिकून राहिली आहे. हिव म्हणजे थंडी एवढं तिला ठाऊक होतं. तिने पंखा बंद केला, वाकळ दिली आणि म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजणारच असं समजून मला फोन केला नाही. संध्याकाळी येऊन बघते तर आई तापाने फणफणलेली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आजी, थंडी वाजते का?" आई म्हणाली, "नाही." त्यांनी कागदावर तसंच लिहिलं. ताप उतरला, आम्ही घरी आलो. एक दिवस मध्ये गेला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, "हिव भरलं." मग रक्त तपासलं आणि हिवताप निघाला. आता ती ठणठणीत आहे.

पण तो प्रश्न आणि ते उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. आई खोटं बोलली नव्हती. तिला थंडी वाजत नव्हतीच, तिला हीव भरलं होतं. तिच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ते आम्हा कोणालाच कळलं नाही.

तेव्हापासून मी कान देऊन ऐकते. आठवडाभरात तिच्या तोंडी चार शब्द आले. "पहाटे काकडली मी." "हात थरथरते." "कापरं सुटलं." आणि "हिव". मी आजवर चारही एकच धरत होते. तुमच्या घरी, गावात हे शब्द कसे वापरतात? आणखी कोणते आहेत? मला एक कागद लिहून फ्रिजवर लावायचा आहे, त्या मुलीसाठी.

बर्डीवाला

वाचून काळजात चर्र झालं. आईंना नमस्कार सांगा.

आमच्या घरी याच्यावर रोजचा वाद आहे. बायको पुण्याची. ती म्हणते थंडी "वाजते", मी म्हणतो "लागते". मुलगा पाच वर्षांचा, तो परवा म्हणाला, "आई, वाजते तर मला ऐकू का येत नाही?" घरभर हसू. उत्तर मात्र कोणालाच देता आलं नाही.

सदरची_सून

मी पण पुण्याचीच आणि मला "थंडी लागते" अजूनही खटकतं. ते सरळ हिंदीतून आलंय. ठंड लगती है, म्हणून थंडी लागते. मराठीत थंडी वाजतेच.

मोडीवाचक

सदरची_सून, पूर्ण असहमत.

भूक लागते, तहान लागते, झोप लागते, ऊन लागतं, उचकी लागते, धाप लागते. हे सगळं पुण्यातही लागतंच ना? शरीराला काही होऊ लागलं की मराठी "लागणे" वापरते. मग एकट्या थंडीलाच ते हिंदीतून आणायची गरज काय पडली? विदर्भात हिंदी मिसळते हे खरं, म्हणून इथलं प्रत्येक वेगळं रूप हिंदीच्या खाती टाकू नये.

आणि बर्डीवाल्यांच्या मुलासाठी: "वाजणे" म्हणजे फक्त आवाज नव्हे. "एक वाजवीन" म्हणतो तेव्हा मार असतो. "दोघांचं वाजलं" म्हणतो तेव्हा भांडण असतं. थंडी वाजते तेव्हा ती अंगावर येऊन आदळते असं त्याला सांगा. आणि दात तर खरंच वाजतात, ते त्याला ऐकवून दाखवता येतील.

बर्डीवाला

ऐकवले! आता दिवसभर दात वाजवत फिरतोय.

काटोलकर

शहरातल्यांना थंडी अंगावरच्या कपड्यावरून कळते. आम्हाला ती ओलितावर कळते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं आणि विजेची लाइन येते रात्रीची. जानेवारीत रात्री एक वाजता दांडात, म्हणजे पाण्याच्या पाटात, उभं राहून पाहा. पाणी तसं कोमट असते, विहिरीचंच, पण पाय बाहेर काढला की वारा लागते आणि मग पाय "आखडते". बोटं हलत नाही. याला आम्ही कुडकुडणं म्हणत नाही, काकडणंही नाही. आखडणं. कुडकुडणं त्याच्या आधीचं, दात वाजते ते. काकडणं म्हणजे सारं अंग गोळा होऊन जाते, माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसते. मग पऱ्हाट्या, कपाशीची वाळली झाडं, पेटवायच्या आणि शेकत बसायचं, पाठ भाजते नि पोट गार राहते.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशावर आला होता, आठवते का? त्या रात्री मी शेतातच होतो. बाबा म्हणाले, "आज गारठलं." बस, एवढंच. पण बाबा कधी थंडीचं नाव काढत नाहीत, म्हणून तो शब्द माझ्या ध्यानात राहिला. गारठणं माणसाचं, ढोराचं, लोखंडाचं, साऱ्याचं. मोटारीचा पाइप गारठला होता, हात लावला की चटका बसे.

एक मात्र सांगतो, आम्ही थंडीला शिव्या देत नाही. संत्र्याच्या आंबिया बहाराला डिसेंबरात पाणी तोडून झाडं ताणावर सोडावी लागतात. थंडी बरोबर पडली तर ताण चांगला बसते आणि जानेवारी-फेब्रुवारीत फूल भरून येते. थंडी हुकली तर फूल हुकलं.

तर्रीपोहे

काटोलकर, तुमचा प्रतिसाद वाचता वाचता पाय पोटाशी घेतले.

आमच्या गल्लीतली नवी पोरं यातला एकही शब्द वापरत नाहीत. सकाळी फुटाळ्यावर पळायला जातात आणि येऊन म्हणतात, "भाऊ, आज तर कुल्फी जमली आपली." मला तो शब्दही आवडतो. कागदावर लिहा हवं तर.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, नागपुरातच, सतरा वर्षं वॉर्डात. अजनीकर, तुमचं लिहिणं वाचून मला माझ्या पहिल्या वर्षातली एक आजी आठवली. भिवापूरकडची होती. "हुडहुडी भरली" म्हणत होती आणि मी तिला खिडकी लावून दिली. वरच्या सिस्टर धावत आल्या, थर्मामीटर लावला आणि मला म्हणाल्या, "हुडहुडी म्हटलं की खिडकी नाही, हात लाव." ते मी कधी विसरले नाही.

तेव्हापासून मी पेशंटला "थंडी वाजते का" एवढाच प्रश्न विचारत नाही. विचारते, "पांघरूण घेतल्यावर जाते का?" बाहेरच्या थंडीने कुडकुडणारा माणूस ब्लँकेट घेतलं की दहा-पंधरा मिनिटांत निवतो. तापाची हुडहुडी असेल तर तीन ब्लँकेटं टाका, पलंग हलतो पण माणूस कापायचा थांबत नाही. आणि हात-पाय थंडगार असतात तेव्हाच पोट आणि कपाळ गरम लागतं. त्या मुलीला हे एक शिकवाच: हाताला हात लावू नकोस, पोटाला लाव.

कार्तिकपहाट

काकडणं हा आमच्या घरचा लाडका शब्द. आजी कार्तिकात पहाटे चारला उठवायची, देवळात काकडा असायचा. अंगणातल्या पाण्याने तोंड धुवायचं, शाल गुंडाळून निघायचं. मला लहानपणी पक्कं वाटायचं की एवढ्या थंडीत लोक काकडतात म्हणूनच तिला काकड आरती म्हणतात.

मोडीवाचक

कार्तिकपहाट, छान आठवण. पण काकड आरतीतला काकडा म्हणजे चिंधीची पिळून केलेली जाड वात. ती तुपात, तेलात भिजवून पेटवतात आणि तिने देवाला ओवाळतात, त्यावरून ते नाव.

कार्तिकपहाट

हो, मोठी झाल्यावर कळलं. तरी त्या वातीजवळ हात धरून आम्ही काकडलेली पोरं ऊब घ्यायचो, हे काही खोटं नाही. पुजारीबुवा रागवायचे नाहीत, वात थोडी खाली धरायचे.

तापीकाठ

मी जळगावची. आमची आजी अहिराणीत म्हणायची, "हिव लागी ऱ्हायनं." तुमचं नागपूरकडचं "लागून राहिलं" आणि तिचं "लागी ऱ्हायनं" शेजारी ठेवून बघा. मोडीवाचकांच्या बाजूने माझं एक मत. हीव तिच्याकडे "लागायचं", "वाजायचं" नाही.

झिरोमाइल

हीव हा शब्द शहरात बोलण्यातून गेला, पण लपून जिवंत आहे. हिवाळा, हिवताप आणि आपलं हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर करारामुळे दर वर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्याकडे होतं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र "हिवाळी, हिवाळी" म्हणतो. पण यातला हिव वेगळा काढून दाखव म्हटलं तर माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकालाही जमलं नाही. (मी नववीला मराठी शिकवतो.) मग फळ्यावर लिहिलं: हिम, हीव, हिवाळा, हेमंत, हिमालय. एका घरची पाच भावंडं. हिमचं बोलता बोलता हिव झालं. एका मुलीने हात वर केला, "सर, आमची आजी हिवाया म्हणते, ते चूक आहे का?" मी म्हटलं, वऱ्हाडीत ळ चा य होतो, काळा तो काया, वाकळ ती वाकय, तसा हिवाळा तो हिवाया. आजी बरोबर आहे. ती पोरगी एवढी खूश झाली की दुसऱ्या दिवशी आजीचे बारा शब्द लिहून घेऊन आली.

सदरची_सून

बारा शब्द इथे टाका ना सर.

झिरोमाइल

थंडीचे त्यातले चार होते: हिव, काकडनं, कापरं, धुवारी. धुवारी म्हणजे धुकं. तुरीच्या फुलावर धुवारी आली की फूल गळतं, म्हणून आजी सकाळी उठल्या उठल्या आधी शेताकडे बघते, असं त्या मुलीने वहीत लिहिलं होतं.

शब्दवेल्हाळ

उशिरा आले, पण हा धागा सोडवत नाही.

अजनीकर, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला वाटतं नामात नसून क्रियापदात आहे. बघा: थंडी वाजते. हीव भरतं. हुडहुडी भरते. कापरं सुटतं. शहारा येतो. काटा येतो. थरकाप उडतो. दातखीळ बसते. या सगळ्यांत माणूस काही करत नाही. तो "मला" होऊन बाजूला उभा असतो आणि त्याच्या अंगात काहीतरी येतं, भरतं, सुटतं. उलट मी कुडकुडते, मी काकडते, मी गारठते, मी थरथरते. इथे कापणारी मी आहे.

आता "भरणे" बघा. ताप भरतो. हीव भरतं. हुडहुडी भरते. एवढंच नाही, जी थंडी हवेमुळे "वाजते" तीच तापाची असेल तर "भरून येते". म्हणजे डॉक्टरांनी आजींना "थंडी भरली का" असं विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाल्या असत्या. एका क्रियापदाचा फरक आहे.

"सुटणे" म्हणजे आवरत नाही ते. घाम सुटतो, वारा सुटतो, माणूस पळत सुटतो. कापरं सुटतं तेही तसंच, थांबवू म्हटलं तर थांबत नाही.

मोडीवाचक

शब्दवेल्हाळ, सुंदर मांडलंत. एक शंका. कापरं भरतंही. "भीतीने अंगाला कापरं भरलं" असं सर्रास लिहितात. मग भरणे म्हणजे आजार हा नियम कसा टिकेल?

शब्दवेल्हाळ

मान्य. नियम म्हणून टिकणार नाही. पण माझ्या कानाला भीतीचं कापरं भरतं आणि अशक्तपणाचं कापरं सुटतं. उपास लांबला की सुटतं, पोलीस दारात आला की भरतं. इतरांचं काय म्हणणं?

महालचा_वाडा

आमच्या वाड्यात भीतीला कापरं कधीच नव्हतं. भीतीला "लटलट कापणं" आणि दहशतीला "चळाचळा कापणं". चळाचळा नेहमी दुसऱ्याच्या नावाने असायचं. आजोबांच्या नावाने सारा वाडा चळाचळा कापे. रागाने माणूस थरथरतो. आणि परीक्षेला, भाषणाला पाय लटपटतात, फक्त पाय. हात लटपटले असं आम्ही म्हणत नाही.

तर्रीपोहे

जीभ लटपटते की!

महालचा_वाडा

हो, जीभ राहिली. पाय आणि जीभ. भाषणाला उभं राहिलं की दोन्ही एकदम.

कार्तिकपहाट

शहारा आणि काटा यांत तुम्ही फरक करता का? मी करते. गार वाऱ्याची झुळूक आली, कोणी मानेवर ओला हात ठेवला की शहारा. कुणी मेल्याची बातमी ऐकली की काटा. शिरशिरी त्याहून बारीक, पाठीच्या कण्यातून एकदाच जाते.

बर्डीवाला

मी नाही करत. सारंच काटा.

कीर्तनवेडा

काटा फक्त भीतीचा नाही हो. दीक्षाभूमीवर त्या गर्दीत पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता आणि डोळे भरले होते. भीती कसली त्यात?

कीर्तनात अष्टसात्त्विक भाव सांगतात: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. रोमांच म्हणजे तुमचा काटा आणि वेपथु म्हणजे कंप. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपलं अंग कापतं, तोंड कोरडं पडतं, अंगावर काटा येतो असं सांगतो, तिथेही वेपथु हाच शब्द आहे. म्हणजे भक्तीने कापतो तो कंप आणि रणांगणावर कापतो तोही कंप. बाहेरून बघणाऱ्याला सारखाच दिसणार. आजींच्या हिवाचं नि थंडीचं जे झालं तेच.

धंतोलीचा_डॉक्टर

धागा दोन दिवस वाचतोय, आता लिहितो. ऑक्टोबरातल्या त्या तरुण डॉक्टरांच्या जागी मी असतो तर मीही तोच प्रश्न विचारला असता, हे आधी कबूल करतो. आम्ही पुस्तकातली भाषा शिकतो, "थंडी वाजून ताप येणे". पेशंट घरची बोलतो.

आत काय होतं ते थोडक्यात. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र आहे. बाहेर थंडी पडली की ते स्नायूंना भराभर आकसायला-सैल व्हायला लावतं आणि त्या हालचालीतून ऊब तयार होते. हे कुडकुडणं. हिवतापात किंवा दुसऱ्या जंतुसंसर्गात वेगळं होतं. शरीर ३७ अंशांवर असतं, पण केंद्र आपली खूणच वर सरकवतं, समजा ३९.५ वर. आता त्याला ३७ हेच गार वाटू लागतं आणि ते तिथपर्यंत पोचायला स्नायूंना कामाला लावतं. म्हणून भर दुपारी उन्हात हीव भरतं आणि म्हणून पांघरुणाने जात नाही. रात्रपाळी यांनी सांगितलेली खूण पक्की आहे. हिवतापाच्या एका नेहमीच्या प्रकारात हे ४८ तासांच्या पाळीने येतं: आधी हीव, मग ताप, मग घाम. अजनीकर, तुमच्या आईंनी दोन्ही वेळा एकच शब्द वापरला, ती माहिती डॉक्टरच्या हाती यायला हवी होती.

आता कागदासाठी तीन गोष्टी.

आई मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील तर "कापरं सुटलं" हा शब्द सर्वांत वर लिहा. कापरं, गार घाम, छाती धडधडणं, भूक. ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. मशीनवर ७० च्या खाली असेल आणि आई शुद्धीवर असतील, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मशीन हाताशी नसेल तर साखर आधी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

दुसरं, म्हातारपणी कुडकुडणं कमी होतं. शरीर गार पडलेलं असतं आणि माणूस म्हणतो मला काही होत नाही. म्हणून "काकडली नाही" यावर विसंबू नका, पहाटे पोटाला हात लावून बघा. खूप गारठलेला माणूस कापायचा थांबला तर ते बरं वाटल्याचं लक्षण नव्हे. शरीर ३२ अंशांच्या आसपास उतरलं की कापणं बंद पडतं.

तिसरं, हाताची थरथर. हात मांडीवर स्वस्थ ठेवला असताना थरथरतो, की कप उचलताना? स्वस्थ असताना थरथरत असेल तर कंपवाताच्या दृष्टीने दाखवून घ्या. उचलताना असेल तर बहुधा वेगळं कारण असतं, पण एकदा दाखवा.

काटोलकर

डॉक्टरसाहेब, पहिल्यांदा कोणी सांगितलं की भर उन्हात हिव कायले भरते. माझ्या काकाला लोक म्हणत होते नाटक करते.

रात्रपाळी

डॉक्टर, एक भर घालते. तान्हं बाळ कुडकुडत नाही. त्याच्याजवळ ऊब करायला वेगळी चरबी असते. नव्या आया म्हणतात, "कापत नाही, म्हणजे थंडी नाही." तसं नसतं. बाळाचंही पोट आणि पाय बघायचे.

सदरची_सून

मी एक गोष्ट मागे घेते. काल नवऱ्याच्या मावशींना मुद्दाम विचारलं. कोराडीजवळ गावात राहतात, हिंदी कधीच बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "थंडी लागते, हिव भरते, अन् वाजते ते दार." मोडीवाचक, तुम्ही बरोबर होता. मी मात्र "वाजते"च म्हणणार, माझ्या आईचा शब्द आहे तो.

मोडीवाचक

अवश्य म्हणा. दोन्ही राहोत.

अजनीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी आईला गच्चीवर उन्हात बसवलं, पुढ्यात संत्री सोलून ठेवली आणि तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. काटोलकरांच्या दांडाच्या गोष्टीला ती म्हणाली, "खरं हाय, पाय आखडते." महालच्या वाड्यातले आजोबा तिला फार आवडले.

मग मी विचारलं, तुझे चार शब्द मला समजावून सांग. तिने संत्र्याची फोड हातात धरली होती. हात थरथरत होता, रस मनगटावर ओघळला. ती बोलली तसंच लिहिते:

"काकडलं म्हंजे बाहेरची थंडी. वाकय घेतली का जाते. हिव आतून येते, दोन वाकया टाकल्या तरी जात नाही, अन् मंग आंग तपते. कापरं भुकीचं. सकायची गोळी घेतली अन् जेवाले उशीर झाला का सुटते, छाती धडधड करते. अन् हे थरथर," तिने हात पुढे केला, "हे कप उचलला का होते. आता पाच-सहा वर्षं झाले. याले राहू दे."

डॉक्टर, तुमचं सगळं तिला ठाऊकच होतं. तिला तशा शब्दांत कोणी विचारलं नव्हतं. आणि मधुमेहाची गोळी ती घेते, सकाळची. दोनदा कापरं सुटलं म्हणाली होती, दोन्ही वेळा मी चहा करून दिला आणि ती सावरली. चहात साखर असते, म्हणून. माझ्या पोटात गोळाच आला हे वाचून. काल ग्लुकोमीटर आणला. हात स्वस्थ असताना थरथरत नाही, तरी मंगळवारी दाखवायला नेते आहे. गोळीबद्दलही तेव्हाच विचारीन.

कागद असा लिहिलाय:

कापरं : लगेच साखर तपास. ७० च्या खाली तर साखरपाणी. मला फोन.
हिव : पोटाला हात लाव. थर्मामीटर. मला फोन. अर्ध्या तासाने परत मोज.
काकडली : वाकय दे. पायात मोजे. पोट गार लागलं तर मला फोन.
थरथर : कप अर्धाच भर. बशी नको.

शेवटची ओळ त्या मुलीने स्वतः सुचवली. शेजारी तिने तिच्यासाठी हिंदीत अर्थ लिहून घेतले, पण चारही शब्द आईचेच ठेवले.

शब्दवेल्हाळ

"बशी नको." किती बारीक लक्ष आहे त्या मुलीचं. तिला आमच्या सर्वांकडून शाबासकी द्या.

धंतोलीचा_डॉक्टर

कागद उत्तम. एकच भर: तुमच्या क्रमांकाच्या आधी जवळच्या दवाखान्याचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा. आणि तुमची हरकत नसेल तर हे चार शब्द मी माझ्या ओपीडीत लावतो, आईंचं नाव न घेता.

अजनीकर

जरूर लावा. आईला सांगितलं तर म्हणाली, "लाव म्हणा. अन् हिवाले थंडी नका म्हणू म्हणा."

आज सकाळी ऑफिसात पोचायच्या आतच फोन आला. पोरगी म्हणाली, "ताई, आजी काकडली. वाकय दिली. हिव नाही."

रात्रपाळी

पोट बघितलं का तिने?

अजनीकर

बघितलं. रोजच्यासारखं. आता उन्हात बसवलंय.